अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग आणि प्रकाशोपचार

पनवेल हे कोकण आणि देश यांना जोडणारे जुने व्यापारी गाव. घाटावरून येणारा आणि खाडीमार्गे जाणारा माल एके काळी येथे एकत्र येई. त्याच पनवेलचा आज मोठ्या नगरात विस्तार झाला असून १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत खारघरचाही समावेश होतो. येथील डोंगराच्या पायथ्याशी टाटा स्मारक केंद्राची कर्करोगविषयक संशोधन संस्था असून ती 'ॲक्ट्रेक' या नावाने सर्वपरिचित आहे. मुंबईत परळ येथे १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि १९५२ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली. या दोन संस्था १९६६ मध्ये एका छत्राखाली आल्या. पुढे संशोधनाचे कार्य २००२ मध्ये खारघर येथील ६० एकरांच्या परिसरात हलविण्यात आले. प्रोटॉन किरणांच्या साह्याने उपचार करणारी यंत्रणाही २०२३ मध्ये येथेच राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

अशी संस्था दाराशी असल्याने पनवेल, उरण, कर्जत, पेण या भागांतील नागरिकांच्या कानी नवनवीन उपचारांची नावे पडत असतात. "चिरफाड न करता केवळ प्रकाशाने कर्करोग जाळता येतो" ही अशीच एक वार्ता होय. तिच्यात तथ्य आहे. परंतु ते किती, कोणासाठी आणि कोणत्या मर्यादेत, हे समजून घेणे अगत्याचे आहे. अष्ठीला ग्रंथीच्या, म्हणजेच प्रोस्टेटच्या, प्राथमिक अवस्थेतील कर्करोगावर करण्यात येणाऱ्या प्रकाशोपचाराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरेल.

ग्रंथी लहान, प्रश्न मोठा

अष्ठीला ग्रंथी ही केवळ पुरुषांच्या शरीरात असते. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून ती वसलेली असते. तरुणपणी तिचा आकार साधारणतः अक्रोडाएवढा असतो. उतारवयात बहुतेक पुरुषांत ती वाढते आणि मूत्रनलिकेवर दाब येऊ लागतो. रात्री वारंवार उठावे लागणे, लघवीची धार बारीक होणे, लघवी पूर्ण झाल्याचे समाधान न वाटणे ही त्याची लक्षणे होत. ही वाढ बहुधा साधी असते. तो कर्करोग नव्हे. मात्र याच ग्रंथीत कर्करोगही उद्भवू शकतो. प्रारंभी तो कोणतेच लक्षण दाखवीत नाही आणि पुढे हाडांत पसरल्यावर कंबरदुखीच्या रूपाने प्रकट होतो. वृद्धाची कंबर दुखते ती वयोमानाने, अशी घरच्या मंडळींची समजूत असल्याने अनेकदा निदान लांबणीवर पडते.

या ग्रंथीचे वैशिष्ट्य तिच्या स्थानात आहे. खाली लघवी रोखून धरणारा स्नायू, दोन्ही बाजूंस पुरुषत्वाशी संबंधित मज्जातंतू आणि पाठीमागे गुदाशय, अशा नाजूक अवयवांच्या मधोमध ती असते. त्यामुळे संपूर्ण ग्रंथी काढून टाकणारी शस्त्रक्रिया किंवा संपूर्ण ग्रंथीवर दिले जाणारे किरण रोगाचा नाश करीत असले, तरी लघवीवरील ताबा सुटणे किंवा दांपत्यजीवनात उणेपणा येणे अशी किंमत काही रुग्णांना मोजावी लागते. आयुष्य वाचले हे खरे. परंतु वाचलेले आयुष्य संकोचात काढण्याची पाळी त्यांच्यावर येते.

दुसरी बाजू अशी की, या ग्रंथीतील सर्वच कर्करोग घातक नसतात. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात झालेल्या एका मोठ्या चाचणीत ग्रंथीपुरताच मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांची निरीक्षण, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे विभागणी करण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या निष्कर्षांनुसार या रोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत अत्यल्प, एकूण सुमारे २.७ टक्के, राहिले. तथापि, निरीक्षण गटातील ९.४ टक्के रुग्णांत रोग शरीरात अन्यत्र पसरला, तर शस्त्रक्रियेच्या गटात हे प्रमाण ४.७ टक्के होते. सौम्य रोगावर तातडीने मोठा उपचार करणे नेहमीच आवश्यक नसते आणि निरीक्षण म्हणजे दुर्लक्षही नव्हे, असा दुहेरी बोध यातून होतो.

संपूर्ण ग्रंथीवरील उपचार आणि केवळ निरीक्षण या दोन टोकांच्या मध्ये एखादा मार्ग असू शकेल काय, या विचारातून 'मर्यादित उपचार' ही कल्पना पुढे आली. शेताच्या एका कोपऱ्यात कीड लागली असता सबंध पीक उपटून न टाकता तेवढाच भाग साफ करावा, तसे ग्रंथीतील रोगग्रस्त भागच नष्ट करून उर्वरित भाग राखणे हे तिचे सूत्र होय. त्यासाठी अतिशीतन, तीव्र ध्वनिलहरी, विद्युत् स्पंद अशी निरनिराळी साधने योजण्यात आली आहेत. प्रकाश हे त्यांपैकी एक होय.

प्रकाश औषध म्हणून

प्रकाशाचा औषधी उपयोग भारतीयांना नवा नाही. अंगावर कोडाचे डाग उठले असता बावचीच्या बियांचा लेप लावून किंवा बी पोटात देऊन रुग्णास उन्हात बसविण्याची रीत आयुर्वेदात जुनी आहे. बावचीतील द्रव्य एकटे असता फारसा परिणाम करीत नाही. सूर्यप्रकाशाशी संयोग झाल्यावरच ते त्वचेवर कार्य करते आणि प्रमाण चुकल्यास फोडही आणते.

आधुनिक विज्ञानाने हेच तत्त्व वेगळ्या वाटेने शोधले. १९०० च्या सुमारास म्युनिक येथे ऑस्कर राब या विद्यार्थ्यास असे आढळले की, विशिष्ट रंगद्रव्य मिसळलेल्या पाण्यातील सूक्ष्म जीव अंधारात टिकून राहतात, परंतु उजेड पडताच मरतात. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार करणारे डॅनिश वैद्य नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बफेलो येथे टॉमस डोहर्टी यांनी रंगद्रव्य व तांबडा प्रकाश यांचा कर्करोगावर पद्धतशीर प्रयोग केला. १९९३ मध्ये कॅनडाने मूत्राशयाच्या कर्करोगासाठी अशा औषधास मान्यता दिली.

या उपचारास तीन गोष्टी लागतात : प्रकाशाने जागृत होणारे औषध, योग्य रंगाचा प्रकाश आणि शरीरातील प्राणवायू. यांपैकी एक जरी नसेल तरी क्रिया घडत नाही. औषध रक्तावाटे सर्वत्र फिरते, परंतु प्रकाश जेथे पोहोचवावा तेथेच ते जागे होते. उपचाराला सीमा घालणारी शक्ती प्रकाशाची असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ग्रामीण भागात किरणोपचारास 'लाईट देणे' किंवा 'शेक देणे' असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु किरणोपचारात वापरले जाणारे क्ष-किरण किंवा प्रोटॉन हे अदृश्य व अतिशय ऊर्जावान असून ते स्वतःच पेशींना इजा करतात. प्रकाशोपचारातील किरण सौम्य असतात. औषधाविना त्यांनी पेशी मरत नाहीत. खारघरच्या प्रोटॉन यंत्रणेत होणारा उपचार आणि येथे वर्णिलेला उपचार हे सर्वस्वी भिन्न आहेत.

जीवाणूंकडून मिळालेले द्रव्य

अष्ठीला ग्रंथीसाठी वापरण्यात आलेल्या औषधाचे नाव पॅडेलिपॉर्फिन असे असून 'टुकॅड' या व्यापारी नावाने ते ओळखले जाते. इस्राएलमधील वाइझमान संस्थेतील अविग्दोर शेर्झ आणि योराम सालोमन या शास्त्रज्ञांनी ते विकसित केले. वनस्पतींची पाने हरितद्रव्याच्या साह्याने सूर्यप्रकाश शोषून अन्न तयार करतात, हे शालेय विद्यार्थीही जाणतो. काही जीवाणूही असेच करतात. मात्र पाण्याच्या तळाशी मंद उजेडात राहत असल्याने त्यांचे हरितद्रव्य डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपते. या जीवाणूंच्या हरितद्रव्यापासूनच हे औषध तयार करण्यात आले.

अवरक्त प्रकाशच का, हे घरबसल्या समजण्याजोगे आहे. रात्री विजेरीचा झोत तळहाताखाली धरला असता बोटे तांबडी दिसतात. निळा व हिरवा प्रकाश रक्त शोषून घेते, तांबडा मात्र मांसातून पार होतो. तांबड्याच्या किंचित पलीकडचा ७५३ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश याहूनही खोलवर जातो. या औषधाला नेमका तोच जागृत करतो.

प्रत्यक्ष उपचार पुढीलप्रमाणे होतो. रुग्णास संपूर्ण भूल देण्यात येते. ध्वनिलहरींच्या साह्याने ग्रंथीचे चित्र पडद्यावर पाहत वैद्य जननेंद्रिय व गुदद्वार यांमधील त्वचेतून पोकळ सुया रोगग्रस्त भागापर्यंत नेतात. त्या सुयांतून केसासारखे बारीक प्रकाशतंतू सरकविले जातात. नंतर शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे ४ मिलिग्रॅम या प्रमाणात औषध सुमारे दहा मिनिटांत शिरेवाटे दिले जाते आणि लगेच २२ मिनिटे १५ सेकंद लेसरचा प्रकाश सोडण्यात येतो. त्या वेळी औषध रक्तवाहिन्यांतच असते. प्रकाश पडताच प्राणवायूपासून अतिक्रियाशील कण निर्माण होतात, त्या भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात आणि पाण्याचा पाट तोडल्यावर वाफा सुकावा त्याप्रमाणे तेथील ऊती, रोगासह, मृत होतात. औषध शरीरातून लवकर बाहेर पडते. तरीही सुमारे दोन दिवस रुग्णास तीव्र प्रकाशापासून डोळे व त्वचा जपावी लागते.

चाचणीने काय दाखविले

या उपचाराची मुख्य चाचणी युरोपातील १० देशांच्या ४७ रुग्णालयांत झाली. २०११ ते २०१३ या काळात सौम्य स्वरूपाचा व पूर्वी कोणताही उपचार न झालेला कर्करोग असलेले ४१३ पुरुष तीत दाखल करण्यात आले. २०६ जणांना प्रकाशोपचार मिळाला, तर २०७ जणांना निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. दोन वर्षांनंतर प्रकाशोपचाराच्या गटातील २८ टक्के आणि निरीक्षण गटातील ५८ टक्के रुग्णांत रोग वाढल्याचे दिसले. ग्रंथीचे तुकडे तपासले असता पहिल्या गटातील ४९ टक्के रुग्णांत कर्करोग आढळला नाही. दुसऱ्या गटात हे प्रमाण १४ टक्के होते. चार वर्षांच्या अखेरीस शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांकडे वळावे लागलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे २४ व ५३ टक्के राहिले.

दुष्परिणाम नव्हते असे नाही. लघवी अडणे हा गंभीर दुष्परिणामांपैकी सर्वाधिक आढळलेला प्रकार होता. १५ रुग्णांना हा त्रास झाला आणि दोन महिन्यांच्या आत सर्वांना आराम पडला. या निष्कर्षांच्या आधारे नोव्हेंबर २०१७ मध्ये युरोपीय संघाने काटेकोर अटींवर औषधास मान्यता दिली.

आक्षेपही तितकाच महत्त्वाचा

अमेरिकेत मात्र वेगळे घडले. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथील औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ सल्लागार समितीने १३ विरुद्ध २ मतांनी प्रतिकूल कौल दिला. समितीपुढील प्रश्न मूलगामी होता. ज्या रुग्णांचा रोग इतका सौम्य आहे की निरीक्षणाखालीही त्यांतील बहुसंख्य दीर्घायुषी होतात, त्यांना भूल, सुया व औषध देऊन नेमका काय लाभ झाला? तपासणीचे तुकडे स्वच्छ निघाले, हे खरे. परंतु रुग्णाचे आयुष्य वाढले काय, आणि मोठी शस्त्रक्रिया टळली की केवळ पुढे ढकलली गेली, याचे उत्तर देण्यास पाठपुराव्याचा काळ अपुरा होता.

एकाच पुराव्यावरून दोन ठिकाणी दोन भिन्न निर्णय व्हावेत, यात विज्ञानाचा पराभव नाही. नव्या उपचाराची किंमत त्याच्या चमत्कृतीवर न ठरता रुग्णास झालेल्या खऱ्या लाभावर ठरावी, हाच त्यामागील दंडक होय. शोधकार्य अन्य मार्गांनीही चालू आहे. सोन्याचा मुलामा दिलेले अतिसूक्ष्म कण शिरेवाटे देऊन त्यांना लेसरने तापविण्याच्या पद्धतीचा १६ रुग्णांवरील पहिला अहवाल अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातही इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात हरितद्रव्यापासून मिळविलेल्या प्रकाशसंवेदी द्रव्यांवर प्रयोगशाळेत संशोधन झाले आहे.

कोणासाठी, कोणासाठी नव्हे

रोग ग्रंथीच्या एकाच बाजूस असावा, रक्तातील 'पीएसए' या घटकाचे प्रमाण दर मिलिलिटरमागे १० नॅनोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे स्वरूप सौम्य म्हणजे ग्लीसन मोजणीत ६ पर्यंत असावे आणि रुग्णाचे अपेक्षित आयुष्य किमान दहा वर्षांचे असावे, अशा युरोपातील मान्यतेच्या प्रमुख अटी होत्या. हाडांत किंवा अन्यत्र पसरलेल्या रोगावर या उपचाराचा काहीही उपयोग नाही. तेथे पुरुष-संप्रेरक कमी करणारा उपचार हाच मुख्य आधार असतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने खरी अडचण येथेच आहे. प्रकाशोपचारासारखे सौम्य मार्ग ज्यांच्यासाठी आहेत, ते रुग्ण आपल्याकडे वेळेवर सापडतच नाहीत. अनेकांचे निदान रोग पसरल्यावर होते. राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची तपासणी अंतर्भूत आहे. अष्ठीला ग्रंथीची नाही. यालाही कारण आहे. सरसकट सर्वांची पीएसए चाचणी केल्यास ज्यांच्यामुळे कधीच त्रास झाला नसता असे सौम्य रोगही उघडकीस येतात आणि अनावश्यक उपचार वाढतात. शिवाय ग्रंथीची साधी वाढ किंवा जंतुसंसर्ग यांमुळेही हा आकडा चढतो. म्हणून पीएसए वाढला म्हणजे कर्करोग झाला, असा अर्थ काढू नये. चाचणी करावी की नाही, हे लक्षणे, वय व घराण्यातील रोगाचा इतिहास पाहून वैद्यकीय सल्ल्याने ठरविणे इष्ट होय.

गावपातळीवर काय करता येईल

या कामी शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व आरोग्य कर्मचारी यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. गावात आरोग्याची विचारपूस करणाऱ्या आशा कार्यकर्त्या महिला असल्याने वृद्ध पुरुष लघवीच्या तक्रारी त्यांच्यापाशी बोलत नाहीत. घरीही मुलगा-सुनेसमोर हा विषय निघत नाही. पुरुष आरोग्य सेवकाने किंवा निवृत्त शिक्षकाने पारावर सहज विषय काढला, तर हा संकोच दूर होऊ शकतो. लघवीस अडथळा, लघवीतून रक्त, न थांबणारी कंबरदुखी, पायांतील शक्ती कमी होणे ही लक्षणे दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. पायांतील शक्ती एकाएकी जाऊ लागल्यास एक दिवसही दवडू नये. कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत असल्याने पात्र कुटुंबांनी खर्चाच्या भीतीने मागे राहू नये.

निदान झाल्यानंतर रुग्णाने व त्याच्या कुटुंबीयांनी वैद्यांना काही प्रश्न अवश्य विचारावेत. रोग ग्रंथीपुरताच आहे की बाहेर गेला आहे? पेशींचे स्वरूप सौम्य आहे की तीव्र? आताच उपचार न करता नियमित तपासणीवर राहता येईल काय? सुचविलेल्या उपचाराने लघवीवरील ताबा व दांपत्यजीवन यांवर कोणता परिणाम संभवतो? या प्रश्नांत संकोच बाळगण्याचे कारण नाही. ते विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

प्रकाशाच्या किंवा अन्य नव्या उपचाराची जाहिरात पाहून कोणी पैसे गोळा करीत असेल, तर अधिक सावधगिरी बाळगावी. प्राथमिक अवस्थेतील या रोगासाठी देशातील नित्याचे मार्ग निरीक्षण, शस्त्रक्रिया व किरणोपचार हेच होत. नवा उपचार चाचणीच्या स्वरूपात दिला जात असल्यास तिची भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत नोंद असणे २००९ पासून अनिवार्य आहे. रुग्णास समजेल अशा भाषेत माहिती देऊन त्याची लेखी संमती घेणेही बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक व मराठीतील संमतिपत्र मागितल्यावर जो टाळाटाळ करील, त्याच्यापासून दूर राहणे श्रेयस्कर.

तळ्याच्या गाळातील जीवाणूंचे द्रव्य आणि डोळ्यांना न दिसणारा प्रकाश यांच्या मिलाफातून कर्करोगाचा एक कोपरा नेमकेपणाने नष्ट करता येतो, ही विज्ञानाची लक्षणीय झेप आहे. पण तो कोपरा लहान असतानाच सापडला पाहिजे. ग्रंथीत पोहोचणारा प्रकाशतंतू उद्या खारघरसारख्या केंद्रांत कदाचित नित्याचा होईल. त्या केंद्राच्या पायरीपर्यंत रुग्ण वेळेवर पोहोचावा, यासाठी आवश्यक असलेला माहितीचा प्रकाश मात्र गावोगावच्या पारावर, शाळेत आणि पंचायतीच्या सभेत आजच पोहोचविता येण्याजोगा आहे.